जितके लागेल तितके, जोवर लागेल तोवर: मर्क कंपनीच्या एका वचनाचा प्रकरण अभ्यास

२१ ऑक्टोबर १९८७ रोजी मर्क या अमेरिकी औषध कंपनीचे प्रमुख रॉय व्हॅगेलस यांनी एक घोषणा केली. नदीकाठच्या अंधत्वावरचे ‘मेक्टिझान’ हे औषध ज्यांना लागेल त्यांना, जितके लागेल तितके, जोवर लागेल तोवर कंपनी फुकट देईल. उद्योगनीतीच्या वर्गात हे प्रकरण औदार्याचा नमुना म्हणून शिकवले जाते. औदार्य होतेच, पण तिथेच थांबले तर शिकण्यासारखा भाग हातातून निसटतो. त्या वाक्यात गोळ्यांच्या संख्येला मर्यादा नाही आणि वचनाला मुदत नाही. हे दोन्ही का वगळले, हे कळायला आधी रोग कळावा लागतो. आणि याच कंपनीने तेरा वर्षांनी दुसऱ्या एका औषधाच्या बाबतीत काय केले, ते शेजारी मांडल्याशिवाय नेतृत्वातले चारित्र्य म्हणजे नेमके काय, याचा उलगडा होत नाही.

रोगाचे गणित

हा रोग पसरवणारी छोटी काळी माशी खळाळत्या, वेगाने वाहणाऱ्या पाण्यात वाढते. म्हणून रोग नदीकाठाला चिकटलेला. माशी चावताना ऑन्कोसर्का व्हॉल्व्युलस या कृमीच्या अळ्या माणसाच्या अंगात सोडते. त्यांचे प्रौढ कृमी झाले की ते कातडीखाली गाठी करून राहतात आणि चौदा-पंधरा वर्षे जगतात. या काळात मादी रोज हजारभर सूक्ष्म अळ्या सोडत राहते. त्या कातडीतून फिरतात आणि अशी खाज सुटते, की माणसाला रात्र रात्र झोप लागत नाही. कातडी आधी जाड होते, मग सैल पडते, नडग्यांवर पांढरे ठिपके उमटतात. काही अळ्या डोळ्यापर्यंत जातात. तिथे त्या मेल्या की सूज येते, आणि वर्षानुवर्षे हेच होत राहिले की दृष्टी जाते. नदीकाठच्या काही गावांत म्हातारपणी आंधळे होणे हा आयुष्याचा नेहमीचा टप्पाच मानला जाई. काठीचे पुढचे टोक धरून चालणारे पोर आणि मागचे टोक धरून चालणारा आंधळा आजोबा या दृश्याचा ब्राँझचा पुतळा आज जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या आवारात आणि वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेत उभा आहे.

ऐंशीच्या दशकात बाधितांचा अंदाज सुमारे १ कोटी ८० लाख होता आणि त्यांतले सुमारे ३ लाख ४० हजार पूर्ण आंधळे. बहुतेक सगळे आफ्रिकेतले, थोडे लॅटिन अमेरिकेतले आणि येमेनमधले. गावे सुपीक काठ सोडून वर कोरड्या जमिनीवर जात होती. म्हणजे रोग डोळ्यांबरोबर शेतीही खात होता.

उपाय दोन होते आणि दोन्ही गावात वापरण्यासारखे नव्हते. डायइथाइलकार्बामाझिन अळ्यांना एकदम मारायचे, त्यामुळे अंगात आणि डोळ्यात एवढी दाहक प्रतिक्रिया उठे की उरलीसुरली दृष्टीही जाऊ शके. सुरामिन प्रौढ कृमींना मारायचे, पण ते शिरेतून द्यावे लागे आणि मूत्रपिंडाला विषारी होते. म्हणून १९७४ पासून पश्चिम आफ्रिकेत नद्यांवर विमाने आणि हेलिकॉप्टरांतून अळीनाशक फवारून माशीच संपवण्याची मोहीम चालू होती. तिलाही चौदा-पंधरा वर्षांचा हिशेब सुटला नव्हता, कारण माणसांच्या अंगातला शेवटचा प्रौढ कृमी मरेपर्यंत माशी परतू द्यायची नव्हती.

मर्कचे औषध आयव्हरमेक्टिन; मेक्टिझान हे त्याचेच बाजारातले नाव. तोंडाने घ्यायची एक मात्रा त्वचेतल्या सूक्ष्म अळ्या संपवते, जुन्या औषधासारखा भडका उडू देत नाही, आणि मादीला काही महिने नव्या अळ्या सोडू देत नाही. प्रौढ कृमी मात्र जगतोच. म्हणून दर वर्षी एक मात्रा, तीही तो मरेपर्यंत. आजच्या ३ मिलिग्रॅमच्या गोळीच्या हिशेबाने पूर्ण वाढलेल्या माणसाला वर्षाला ४ गोळ्या लागतात. चौदा वर्षांच्या ५६. एक कोटी माणसे धरली तर ५६ कोटी गोळ्या, आणि मध्येच हात आखडता घेतला तर काही महिन्यांत अळ्या पुन्हा वाढून माणूस हळूहळू पुन्हा आजारी. या रोगात पाच वर्षांची देणगी वर्तमानपत्रात शोभून दिसली असती आणि गावात वाया गेली असती.

वचनाला मुदत का नव्हती, याचे उत्तर कृमीच्या आयुष्यात आहे.

प्रयोगशाळेतला प्रश्न

आयव्हरमेक्टिन माणसांसाठी शोधलेले नव्हते. टोकियोच्या कितासातो संस्थेतले सातोशी ओमुरा मातीतले सूक्ष्मजीव गोळा करत. १९७३ मध्ये संस्थेचा मर्कशी करार झाला आणि जपानच्या इतो शहराजवळच्या मातीतला एक जिवाणू मर्कच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत पोहोचला. विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाला १९७५ मध्ये दिसले, की त्यातला पदार्थ उंदरांच्या आतड्यातले कृमी साफ करतो. त्याचा सुधारलेला प्रकार जनावरांचे औषध म्हणून १९८१ मध्ये बाजारात आला आणि पशुवैद्यकातल्या सर्वांत जास्त खपणाऱ्या औषधांत गणला जाऊ लागला.

मधल्या काळात घोड्यांवर काम करताना लक्षात आले होते, की माणसातल्या त्या कृमीचा भाऊबंद असलेला घोड्यातला कृमीही या औषधाने जातो. १९७८ च्या सुमारास कॅम्पबेल यांनी संशोधन विभागाचे तेव्हाचे प्रमुख व्हॅगेलस यांच्यापुढे मानवी चाचणीचा प्रस्ताव ठेवला.

या टप्प्यावरचा धोका समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक मांडण्या तो ओलांडून थेट घोषणेकडे जातात. जनावरांच्या औषधाची बाजारपेठ हातात येत होती. माणसांवरच्या चाचणीत काही विपरीत घडले असते, तर त्याचे सावट त्या धंद्यावर पडणार होते. कॉली जातीच्या कुत्र्यांत या औषधाने मेंदूवर परिणाम होऊन मृत्यू झाल्याची उदाहरणे पुढे समोर आलीच. आणि चाचणी यशस्वी झाली तरी गिऱ्हाईक नव्हते. म्हणजे अपयशात मोठा तोटा आणि यशातही नफा नाही. अशा प्रस्तावाला नकार द्यायला कुणालाही कारण सांगावे लागले नसते. व्हॅगेलस यांनी काम पुढे नेऊ दिले. या प्रकरणातला पहिला नैतिक निर्णय हाच, आणि त्या दिवशी त्याची बातमी कुठेही आली नाही.

मानवी चाचण्यांचे काम मोहम्मद अझीझ या मर्कमधल्या डॉक्टरांनी उचलले. पहिली चाचणी १९८१ मध्ये सेनेगलमधल्या डकार इथे मोजक्या रुग्णांवर झाली. मात्रा अगदी कमीपासून सुरू करून पायरीपायरीने वाढवली. मोजणीची पद्धत साधी होती. रुग्णाच्या कातडीचा काडीपेटीच्या काडीच्या गुलाएवढा तुकडा खरवडून मिठाच्या पाण्यात ठेवायचा, अळ्या वळवळत बाहेर येतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. औषध दिल्यानंतर पुन्हा तुकडा घेतला तेव्हा पाण्यात जवळजवळ काहीच हलत नव्हते आणि डोळ्यांना इजा झालेली नव्हती. पुढे अनेक देशांत मोठ्या चाचण्या झाल्या आणि किलोमागे सुमारे १५० मायक्रोग्रॅम ही मात्रा ठरली.

पैसे कोण देणार?

मर्कने औषध फुकट द्यायचे असे सुरुवातीला ठरवले नव्हते. आधी पैसे देणारे शोधले. अमेरिकी सरकारच्या परदेशी मदतीच्या यंत्रणेकडे विचारणा झाली, आंतरराष्ट्रीय संस्थांशी बोलणी झाली, दर खाली आणण्याची तयारी होती. कुणीही पुढे आले नाही. बाधित देशांच्या आरोग्य खात्यांना तर वर्षाला माणशी एक डॉलरही परवडणारा नव्हता.

हा शोध महत्त्वाचा वाटतो. जबाबदार नेता भागधारकांचे पैसे स्वतःच्या पुण्यासाठी उधळत नाही. तो आधी इतर सगळे मार्ग चाचपतो आणि ते बंद झाल्याचे नोंदवून मगच पदरमोडीचा निर्णय घेतो. १९८५ मध्ये व्हॅगेलस संपूर्ण कंपनीचे प्रमुख झाले होते. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये औषधाला मान्यता मिळण्याची वेळ आली, तेव्हा टाळाटाळीला जागा उरली नव्हती. वापरायला तयार, परिणाम सिद्ध झालेले औषध गोदामात ठेवून माणसे आंधळी होताना बघायची, की द्यायचे?

आक्षेप खरे होते. एका कंपनीने फुकट दिले की पुढच्या प्रत्येक उष्णकटिबंधीय रोगावर तीच अपेक्षा होईल आणि मग अशा रोगांवर संशोधनच कुणी करणार नाही, हा पहिला. फुकटची गोळी काळ्या बाजारात जाईल, जनावरांना दिली जाईल, हा दुसरा. दूर खेड्यात डॉक्टर नसताना कुणाला अपाय झाला तर दोष कंपनीवर, हा तिसरा. चौथा सर्वांत अवघड होता: जिथे रस्ताच नाही तिथे गोळी नेणार कोण? पहिल्या आक्षेपाला मर्ककडे उत्तर नव्हते, आणि ते आजही पूर्णपणे सुटलेले नाही. बाकीच्या तिघांना मात्र वचनाच्या रचनेतून उत्तर देता येण्यासारखे होते.

कंपनीच्या पदरात काहीच पडले नाही, असेही नाही. दान दिलेल्या मालावर अमेरिकी कर कायद्यात सवलत आहे. या निर्णयामुळे गुणी शास्त्रज्ञ कंपनीकडे ओढले गेले, असे व्हॅगेलस यांनी पुढे सांगितले आहे. कंपनीचे जुने प्रमुख जॉर्ज डब्ल्यू. मर्क यांनी १९५० मध्ये व्हर्जिनियातल्या एका भाषणात म्हटले होते, की औषध लोकांसाठी असते, नफ्यासाठी नसते, आणि हे ध्यानात ठेवले तर नफा मागोमाग येतोच. हे वाक्य कंपनीत घरोघरी सांगितल्यासारखे पाठ होते. फायदा झाला म्हणून निर्णयाची किंमत कमी होत नाही. फायद्याची खात्री नसताना तो घेतला गेला, एवढे पाहिले तरी पुरते.

वचनाची रचना

घोषणेनंतर मर्कने जे केले, त्यात चारित्र्याचा खरा कस दिसतो. औषध कुणाला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला नाही. १९८८ मध्ये ‘मेक्टिझान तज्ज्ञ समिती’ स्थापन झाली. तिचे कार्यालय अटलांटातल्या मुलांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या एका स्वतंत्र संस्थेत ठेवले आणि देवी निर्मूलनाच्या मोहिमेतले डॉ. विल्यम फेगी अध्यक्ष झाले. औषध हवे असणाऱ्या सरकारने किंवा संस्थेने समितीकडे अर्ज करायचा. कोणत्या भागात किती बाधा आहे, वाटणारे कोण, त्यांना कसे शिकवले, अपाय झाला तर नोंद आणि उपचार कसे होणार, पुढच्या वर्षी पुन्हा पोहोचण्याची काय व्यवस्था, हे सगळे लिहून द्यायचे. समिती समाधानी झाली की मर्कने माल पाठवायचा.

याचा अर्थ कंपनीच्या प्रमुखाला उद्या एखाद्या देशाच्या मंत्र्याशी बोलणी करताना या औषधाचा मोहरा म्हणून वापर करता आला नसता. स्वतःच्या दानावरचा ताबा सोडून देणे हे दान देण्यापेक्षा अवघड असते. मदत करणाऱ्या अनेक कंपन्या इथेच अडखळतात: औषध देतात, पण कुठे, केव्हा आणि कुणाच्या हस्ते हे स्वतः ठरवत राहतात.

गोळी गावापर्यंत

रचनेतला दुसरा भाग वाटपाचा. सुरुवातीची गोळी ६ मिलिग्रॅमची होती आणि बऱ्याच लोकांना अर्धी-दीड अशी तोडून द्यावी लागे. शेकडो माणसांच्या रांगेत गोळ्या तोडणे म्हणजे चुकांना आमंत्रण. पुढे ती ३ मिलिग्रॅमची झाली. वजनकाटा गावोगावी नेणे शक्य नव्हते. म्हणून मात्रा वजनाऐवजी उंचीवर ठरवायची पद्धत आली. एका सरळ काठीवर चार खुणा करायच्या. ९० ते ११९ सेंटिमीटर उंचीला एक गोळी, १२० ते १४० ला दोन, १४१ ते १५८ ला तीन, १५९ आणि त्यापुढे चार. ९० सेंटिमीटरच्या खाली असलेल्या मुलाला गोळी नाही. गरोदर बाईला नाही, बाळंतीण झाल्यावर पहिला आठवडा नाही, खूप आजारी माणसाला नाही. ज्याला अक्षर ओळखता येत नाही, तोही ही काठी वापरू शकतो.

सुरुवातीला फिरती पथके गाड्यांनी गावात जात. ते खर्चिक होते, आणि ज्या दिवशी पथक आले त्या दिवशी शेतावर गेलेले लोक सुटत. १९९५ मध्ये आफ्रिकेतल्या आणखी देशांसाठी मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्यात दोन वर्षांनी गावाच्या हाती कारभार देण्याची पद्धत स्वीकारली गेली. गाव स्वतःतला माणूस निवडते, वाटपाचा महिना ठरवते, घरोघर नावांची वही ठेवते. रोग आटोक्यात ठेवायचा तर गावातल्या किमान ६५ टक्के लोकांनी दर वर्षी गोळी घेतली पाहिजे आणि तो कायमचा घालवायचा तर ८० टक्क्यांच्या आसपास जावे लागते. वहीत शेजाऱ्यांची नावे असतील, तर सुटलेला माणूस शोधणे सोपे जाते.

चुकाही झाल्या आणि त्यांची दखल घेतली गेली. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा दुसरा एक कृमी आढळतो. ज्याच्या रक्तात त्याच्या अळ्या फार असतात, त्याला आयव्हरमेक्टिन दिले तर मेंदूवर सूज येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. नव्वदच्या दशकात कॅमेरूनमध्ये अशा घटना घडल्या. तेव्हा वाटप रेटून न नेता त्या भागांसाठी वेगळे नियम आले: आधी बाधेचे प्रमाण तपासायचे, रुग्णालयाची सोय जवळ ठेवायची, वाटपानंतरचे काही दिवस लक्ष ठेवायचे. समिती स्वतंत्र असल्याचा उपयोग अशा वेळी होतो. धोका उघड करण्यात तिचे काही बुडत नव्हते.

१९९८ पासून हत्तीपाय रोगासाठीही हे औषध देण्याचे ठरले. लॅटिन अमेरिकेत वर्षातून दोनदा मात्रा दिल्या गेल्या आणि कोलंबिया २०१३ मध्ये, इक्वाडोर २०१४ मध्ये, मेक्सिको २०१५ मध्ये आणि ग्वाटेमाला २०१६ मध्ये रोगमुक्त ठरले. आफ्रिकेतला पहिला देश नायजर, जानेवारी २०२५ मध्ये. घोषणेनंतर सदतीस वर्षांनी. कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. वचन देणारे व्हॅगेलस तर १९९४ मध्येच निवृत्त झाले होते, पण त्यांच्यानंतरच्या प्रत्येक प्रमुखाने ते पाळले.

त्याच कंपनीत, तेरा वर्षांनी

१९९९ च्या मे महिन्यात मर्कच्या ‘व्हायॉक्स’ या सांधेदुखीच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते पोटाला कमी त्रास देते हे दाखवण्यासाठी सुमारे ८,००० संधिवाताच्या रुग्णांची चाचणी घेतली. अर्ध्यांना व्हायॉक्स, अर्ध्यांना नेप्रोक्सेन हे जुने वेदनाशामक. मार्च २००० मध्ये निकाल कंपनीच्या हातात आले. पोटाच्या तक्रारी खरोखरच कमी होत्या. पण हृदयविकाराचा झटका व्हायॉक्सवाल्यांत ०.४ टक्के लोकांना आला होता आणि नेप्रोक्सेनवाल्यांत ०.१ टक्के. चौपट.

या आकड्याचे दोन अर्थ निघत होते. व्हायॉक्स हृदयाला घातक आहे, हा एक. नेप्रोक्सेन हृदयाचे रक्षण करते, म्हणून तो गट जास्त निरोगी दिसतो, हा दुसरा. कंपनीने दुसरा अर्थ उचलून धरला. तो अशक्य नव्हता, कारण नेप्रोक्सेन रक्ताच्या गुठळ्या काही प्रमाणात रोखते. पण कागद-पेन्सिल घेऊन पाहा. हा अर्थ खरा असेल तर नेप्रोक्सेनने झटके तब्बल ७५ टक्क्यांनी कमी केले असे मानावे लागते. याच कामासाठी जगभर दिली जाणारी ॲस्पिरिन ते साधारण पाव ते एक तृतीयांशाने कमी करते. म्हणजे हृदयासाठी न बनवलेले औषध ॲस्पिरिनच्या दुपटीहून जास्त गुणकारी निघाले पाहिजे. हा प्रश्न विचारायला दहा मिनिटे पुरली असती.

दोन अर्थांतला खरा कोणता, हे ठरवायला हृदयविकार हाच मुख्य प्रश्न धरून स्वतंत्र चाचणी घेता आली असती. ती पार पडली नाही. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने कंपनीला ताकीद दिली, की जाहिरातीत हृदयाचा धोका कमी करून सांगितला जातो आहे. २००२ मध्ये माहितीपत्रकात धोक्याची नोंद आली. २००३ मध्ये या औषधाची विक्री सुमारे २५० कोटी डॉलर होती. चाचणीचा लेख छापणाऱ्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने डिसेंबर २००५ मध्ये जाहीर चिंता व्यक्त केली, की व्हायॉक्स गटातले तीन झटके लेखात आलेच नव्हते. ते आधी ठरवलेल्या मोजणीच्या तारखेनंतरचे होते, हे लेखकांचे उत्तर. ते तिन्ही धरले तर प्रमाण चौपटीवरून पाचपटीवर जाते.

शेवट दुसऱ्याच एका चाचणीने झाला. आतड्यातल्या गाठी रोखता येतात का, हे पाहण्यासाठी सुमारे २,६०० जणांवर व्हायॉक्स आणि निष्क्रिय गोळी यांची तुलना चालू होती. दीड वर्षानंतर व्हायॉक्स गटात हृदयाच्या आणि मेंदूच्या झटक्यांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट दिसू लागले. इथे नेप्रोक्सेन नव्हतेच, त्यामुळे दुसऱ्या अर्थाला जागा उरली नाही. चाचणीवर देखरेख करणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञांच्या मंडळाने ती थांबवायची शिफारस केली आणि त्यानंतर साधारण आठवडाभरात, ३० सप्टेंबर २००४ रोजी, कंपनीने औषध जगभरातून मागे घेतले. २००७ मध्ये दाव्यांच्या तडजोडीसाठी ४८५ कोटी डॉलर मोजायची वेळ आली. २०११ मध्ये मान्यता नसलेल्या वापरासाठी औषधाचा प्रचार केल्याच्या प्रकरणात सरकारशी ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली.

इमारत तीच, १९५० चे वाक्य तेच, आफ्रिकेला जाणाऱ्या गोळ्यांच्या खेपा त्याच वर्षांत चालू. चांगुलपणा संस्थेच्या खात्यात जमा करून ठेवता येत नाही, हे इतके स्वच्छ दुसऱ्या कुठल्या प्रकरणात दिसत नाही.

दोन्ही निर्णयांतला मोह सारखा नव्हता, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. मेक्टिझान विकत घेणारे कुणी नव्हतेच. ते देऊन टाकताना हातातली कमाई सोडावी लागत नव्हती, जास्तीत जास्त खर्च वाढत होता. व्हायॉक्सच्या बाबतीत वर्षाला शेकडो कोटी डॉलर येत होते आणि प्रश्न एवढाच होता, की आपल्या विरोधात जाणारा अर्थ आपण स्वतः होऊन पुढे मांडतो का. नैतिक नेतृत्वाचे मोजमाप करायचे तर दुसरी परीक्षा अधिक कठीण आहे. दान केलेल्या माणसाचे कौतुक होते. चालत्या मालाला स्वतःच थांबवणाऱ्याला आपल्याच सभेत उत्तर द्यावे लागते.

नेतृत्वाने काय बांधून ठेवावे

चारित्र्य हे मनातल्या भावनेपेक्षा कामाच्या पद्धतीत शोधावे, असे या प्रकरणावरून वाटते. भावना दोन्ही वेळी चांगल्याच असतील. पद्धत वेगळी होती.

एखाद्या चाचणीचा किंवा तपासणीचा निकाल येण्याआधीच लिहून ठेवावे, की कोणता आकडा आला तर आपण थांबू. आकडा आल्यावर मर्यादा ठरवायला बसले की मर्यादा आकड्याच्या मागे सरकते. हे लिहिताना विक्री विभागातले कुणी खोलीत नसावे. निकाल आल्यावर दोन माणसांना दोन उलट अर्थ मांडायला सांगावे, आणि प्रत्येकाने ‘हे खरे असेल तर आणखी काय खरे असावे लागेल’ याचे आकड्यांत उत्तर द्यावे. नेप्रोक्सेनचा ७५ टक्क्यांचा दावा या एका सवयीने पहिल्याच बैठकीत उघडा पडला असता.

वाईट बातमी प्रमुखापर्यंत किती दिवसांत पोहोचते, हे मोजावे. बहुतेक संस्थांत ती प्रत्येक पायरीवर थोडी गोड होत जाते. त्यामुळे देखरेखीचे मंडळ, लेखापरीक्षक किंवा तक्रारी घेणारा अधिकारी थेट संचालक मंडळाशी बोलू शकेल आणि त्याची नेमणूक व पगार प्रमुखाच्या हातात नसेल, अशी रचना हवी. मेक्टिझान समितीत हे होते. २००४ मध्ये व्हायॉक्स थांबले तेही बाहेरच्या मंडळामुळेच.

वचन देताना ते दुसऱ्याला तपासता येईल अशा शब्दांत द्यावे. ‘आम्ही रुग्णांना बांधील आहोत’ हे वाक्य कधीच मोडत नाही, कारण ते तपासताच येत नाही. ‘जितके लागेल तितके, जोवर लागेल तोवर’ हे मात्र एखाद्या गावात गोळी पोहोचली नाही की लगेच मोडलेले दिसते.

चर्चेसाठी

व्हॅगेलस यांनी १९८७ मध्ये दिलेला शब्द त्यांच्यानंतरच्या प्रमुखांवर आणि तेव्हा जन्मालाही न आलेल्या भागधारकांवर बंधनकारक झाला. एका प्रमुखाला एवढा लांबचा शब्द देण्याचा अधिकार असावा का? कृमीच्या आयुष्याने तो मागितला होता, हे मान्य करूनही उत्तर सोपे नाही. मुदत न घालता खर्चावर दुसरी कोणती मर्यादा घालता आली असती, ते आकड्यांसह मांडून पाहावे.

दुसरे काम लेखी करावे. तारीख मार्च २०००. टेबलावर ०.४ आणि ०.१ हे दोन आकडे आहेत आणि पुढच्या तिमाहीचे विक्रीचे अंदाज आहेत. पुढच्या तीस दिवसांत तुम्ही कोणाला बोलावाल, डॉक्टरांना कोणते पत्र पाठवाल, जाहिरातीचे काय कराल आणि कोणती नवी चाचणी सुरू कराल, हे एका पानात लिहावे. पान लिहून झाल्यावर ज्यांचा वार्षिक बोनस या औषधाच्या विक्रीवर ठरतो, त्यांची नावे त्याच पानावर खाली उतरवावीत आणि पान पुन्हा वाचावे.